बॉकहॅम्प्टन ते मॅक्स गेट: हार्डीच्या तीन मैलांत

गुरुवार, डॉर्चेस्टर

इंग्रज कादंबरीकार आणि कवी थॉमस हार्डी जन्मला ते घर आणि त्याने स्वतःसाठी बांधलं ते घर, यांत जेमतेम तीन मैलांचं अंतर आहे. १८४० साली तो एका गवंड्याच्या पोटी जन्मला आणि १९२८ साली गेला, तेव्हा देशाचा पंतप्रधान आणि विरोधी पक्षनेता दोघेही त्याच्या अंत्ययात्रेत मानकरी होते. आयुष्यात एवढी मजल मारलेल्या या माणसाने लिहिलं ते मात्र बहुतेक सगळं या तीन मैलांच्या अवतीभवतीचं. सातारा जिल्ह्यातल्या एका कॉलेजात त्याची ‘टेस’ ही कादंबरी शिकवताना मी हे मुलांना दरवर्षी सांगत आले. ती वाट स्वतःच्या पायांनी चालायची फार इच्छा होती. रेडिंगला राहणारी माझी भाची म्हणाली, “मावशी, सप्टेंबरात ये. पाऊस कमी, गर्दी कमी आणि कुंपणांवर ब्लॅकबेरी.” तिन्ही अंदाज बरोबर निघाले.

लंडनच्या वॉटर्लू स्टेशनवरून थेट गाडी आहे. न्यू फॉरेस्टमध्ये मोकळे चरणारे घोडे दिसतात आणि वेरहॅम मागे पडलं की फ्रोम नदीकाठची ओली कुरणं सुरू होतात. डॉर्चेस्टरला दोन स्टेशनं आहेत, साउथ आणि वेस्ट. लंडनची गाडी साउथला येते आणि बाथ-ब्रिस्टलकडची वेस्टला, म्हणून तिकीट काढताना नाव नीट बघा.

सामान खोलीवर टाकून आम्ही आधी मॉम्बरी रिंग्ज बघायला गेलो. नवाश्मयुगातला गोल मातीचा बांध, रोमन लोकांनी त्याचाच आखाडा केला आणि १७०६ साली नवऱ्यावर विषप्रयोग केल्याच्या आरोपावरून मेरी चॅनिंग नावाच्या तरुणीला इथेच हजारोंसमोर मारून जाळलं. हार्डीच्या ‘द मेयर ऑफ कॅस्टरब्रिज’ या कादंबरीत नायक हेंचर्ड आपल्या बायकोला, सूझनला, वीसेक वर्षांनी चोरून भेटतो तो याच जागी. दारूच्या नशेत त्याने तिला आणि तान्ह्या मुलीला जत्रेत पाच गिनींना एका खलाशाला विकलेलं असतं. आम्ही गेलो तेव्हा शाळा सुटलेली पोरं त्या बांधावरून गडगडत खाली येत होती आणि आया बाकांवर बसून गप्पा मारत होत्या.

डॉर्चेस्टर म्हणजेच कादंबरीतलं कॅस्टरब्रिज, आणि गावानेही ते मनावर घेतलेलं आहे. साउथ स्ट्रीटवर विटांच्या एका देखण्या जुन्या इमारतीवर फलक आहे: कादंबरीतला मेयर इथे राहत असे, असं मानतात. कधीच अस्तित्वात नसलेल्या माणसाच्या घराला फलक! पुढे हाय ईस्ट स्ट्रीटवर किंग्ज आर्म्स हॉटेलची बाहेर आलेली खिडकी आहे. रस्त्यावर उभ्या असलेल्या सूझनला आत मेजवानीच्या मुख्य खुर्चीवर बसलेला नवरा दिसतो, तो याच खिडकीतून. मी बराच वेळ समोरच्या फुटपाथवर उभी राहिले. तिथून खरोखरच आतली माणसं दिसतात.

जवळच सेंट पीटर्स चर्चच्या बाहेर विल्यम बार्न्सचा पुतळा आहे. डॉर्सेटच्या बोलीत कविता करणारा हा पाद्री आणि शाळामास्तर हार्डीला घडवणाऱ्यांपैकी एक. सोळाव्या वर्षी हार्डी जॉन हिक्स या वास्तुविशारदाकडे उमेदवारीला लागला. त्या कचेरीच्या शेजारीच बार्न्सची शाळा होती. कचेरीतल्या पोरांचा व्याकरणावरून वाद झाला की हार्डी धावत शेजारी जाऊन मास्तरांकडून निकाल आणायचा.

त्याच वर्षी, ऑगस्ट १८५६ मध्ये, डॉर्चेस्टरच्या तुरुंगाबाहेर एलिझाबेथ मार्था ब्राउनला फाशी दिलं. छळणाऱ्या नवऱ्याला मारल्याचा तिच्यावर आरोप होता. गर्दीत सोळा वर्षांचा हार्डी होता. पावसात लोंबकळणारी ती आकृती त्याला म्हातारपणीही विसरता आली नाही. तुरुंग २०१३ साली बंद झाला, पण त्या उंच लाल भिंतींच्या कडेने चालताना टेसला फाशी होते ते ‘टेस’चं शेवटचं प्रकरण आठवतंच.

संध्याकाळी डॉर्सेट ॲपल केक खाल्ला. कोमट, वर दाट सायीसारखं क्लॉटेड क्रीम. ब्ल्यू विनी हे इथलं चीजही घ्या, पण एकदम मोठा तुकडा मागवू नका, वास उग्र असतो. आमच्या घरमालकीणबाईंनी विचारलं, “कोणासाठी आलात, टेस की ज्यूड?” मी म्हटलं, दोघांसाठी. त्या म्हणाल्या, “मला त्याच्या कविताच आवडतात. पण कवितांसाठी कुणी येत नाही.”

शुक्रवार, पायवाटेने बॉकहॅम्प्टनला

न्याहारी करून निघालो. हाय ईस्ट स्ट्रीट उतरून गेलं की गावाच्या टोकाला ग्रेज ब्रिज हा दगडी पूल लागतो. पुलावर लोखंडी फलक आहे: पुलाची नासधूस करणाऱ्याला जन्मठेपेसाठी काळ्या पाण्यावर धाडलं जाईल. हेंचर्ड सगळं गमावल्यावर पाण्याकडे बघत उभा राहतो ते या भागातल्या पुलांवरच. इथून नदीकाठाने पायवाट स्टिन्सफर्डला जाते. गवत गुडघाभर होतं, रात्री पाऊस पडून गेलेला, दहा मिनिटांत आमचे मोजे भिजले. पक्के वॉटरप्रूफ बूट घालूनच या.

लहानपणी शाळेसाठी आणि पुढे नोकरीसाठी हार्डी हे अंतर रोज जाऊन-येऊन चालायचा. पहाटे उठून लॅटिन आणि ग्रीक वाचायचं, मग चालत कचेरीत, संध्याकाळी परत, आणि रात्री बापाबरोबर कुणाच्या लग्नात सारंगीसारखं व्हायोलिन वाजवायचं. माझ्या वर्गात एसटीने येणारी, पहाटे धारा काढून आलेली मुलं बसत. ‘ज्यूड द ऑब्स्क्युअर’ मधला दगड घडवणारा ज्यूड विद्यापीठाच्या भिंतीबाहेरच राहतो, हे त्यांना समजावून सांगावं लागत नसे.

स्टिन्सफर्डचं चर्च झाडीत लपलेलं आहे. हार्डीच्या आजोबांनी आणि वडिलांनी इथल्या वरच्या गॅलरीत वर्षानुवर्षं वाद्यं वाजवली. नव्या पाद्र्याने ती मंडळी काढून टाकली, गॅलरीही गेली. हार्डी तेव्हा अगदी लहान होता, पण ऐकलेल्या त्या गोष्टींतून पुढे ‘अंडर द ग्रीनवुड ट्री’ उभी राहिली. चर्चमध्ये वादक हार्डींच्या स्मरणार्थ लॅटिन मजकुराची पाटी आहे, ती त्यानेच लावली. बाहेर घराण्याच्या थडग्यांची रांग. एका थडग्यावर कोरलंय की इथे थॉमस हार्डीचं हृदय पुरलं आहे. शेजारी पहिली बायको एमा. काही पावलांवर कवी सेसिल डे-लुईस.

एक वयस्क गृहस्थ कात्रीने थडग्यांभोवतीचं गवत कापत होते. यंत्राने का कापत नाही असं भाचीने विचारलं, तर म्हणाले की यंत्राची दोरी दगडावर आपटली की अक्षरं झिजतात. मग आम्ही भारतातून आलोय हे कळल्यावर त्यांनी कात्री खाली ठेवली, हात पुसले आणि आम्हाला बापाचं, आजीचं, बहिणींचं असं एकेक थडगं दाखवलं. घरच्या माणसांची ओळख करून द्यावी तसं.

पुढची वाट लोअर बॉकहॅम्प्टनवरून चढणीने. कुठेतरी याच बाजूला एका कुंपणाच्या पायरीवर बसून हार्डीने आपल्या पहिल्या छापील कादंबरीवरचं जहरी परीक्षण वाचलं होतं. ‘डेस्परेट रेमेडीज’ १८७१ साली निघाली. त्यासाठी त्याने स्वतःच्या साठवणीतले ७५ पौंड प्रकाशकाला दिले होते. त्याआधीची ‘द पुअर मॅन अँड द लेडी’ कुणी छापलीच नाही. वरच्या वर्गावर फार तिखट आहे, असं सगळ्यांचं मत. त्या पायरीवर बसून त्याला मरून जावंसं वाटलं, असं त्याने नंतर लिहून ठेवलंय. नेमकी पायरी कुठली ते कुणालाच ठाऊक नाही. वाटेत जी भेटली तिच्यावर आम्ही बसलो आणि ब्लॅकबेरी खाल्ल्या.

हायर बॉकहॅम्प्टनचं घर १८०० साली पणजोबांनी बांधलं. माती आणि पेंढा तुडवून केलेल्या जाड भिंती, वर गवताने शाकारलेलं छप्पर. आत दारं इतकी बुटकी की मलाही वाकावं लागलं. तळमजल्यावर छोटीशी जाळीदार खिडकी आहे, तिच्यातून हार्डीचे वडील आपल्या गवंड्यांना मजुरी वाटायचे. इथल्या स्वयंसेवक बाईंनी दोन गोष्टी सांगितल्या, ज्या मला पुस्तकातून माहीत होत्या, पण त्याच घरात ऐकताना अंगावर काटा आला. जन्मताच बाळ मेलेलं समजून डॉक्टरने बाजूला ठेवलं होतं, सुइणीच्या लक्षात आलं म्हणून वाचलं. आणि पुढे एकदा आईला पाळण्यात बाळाच्या छातीवर वेटोळं करून झोपलेला साप दिसला. मी त्यांना म्हटलं, आमच्याकडे असं झालं तर तो मोठा राजा होणार असं म्हणतात. त्यांना ते फार आवडलं.

वरच्या खोलीत खिडकीजवळचं त्याचं छोटं टेबल आहे. लंडनला पाच वर्षं वास्तुविशारदाच्या कचेरीत काम करून, तब्येत बिघडून १८६७ साली तो इथे परतला आणि याच खिडकीशी बसून ‘फार फ्रॉम द मॅडिंग क्राउड’ लिहिली. ती १८७४ साली ‘कॉर्नहिल’ मासिकात दर महिन्याला, लेखकाचं नाव न देता छापून येत होती. ‘वेसेक्स’ हे जुनं विसरलेलं नाव त्याने आपल्या मुलखाला दिलं ते याच कादंबरीत. बाहेर फिरताना जवळ कागद नसला की मोठं वाळकं पान, लाकूडतोड्यांनी टाकलेली ढलपी, दगड, मिळेल त्यावर तो टिपणं काढी. पुस्तक चाललं, वास्तुकलेचं काम सुटलं आणि त्याच सप्टेंबरात एमाशी लग्न झालं.

घरामागून वाट थेट माळरानावर निघते. ‘द रिटर्न ऑफ द नेटिव्ह’ या कादंबरीतलं एग्डन हीथ ते हेच. आता बऱ्याच भागात पाइनची लागवड झाली आहे, पण मोकळ्या जागी हेदरच्या झुडपांचा जांभळा रंग अजून टिकून होता. वारा सुटला, ढग आले आणि पाच मिनिटांत सगळं काळवंडलं. या माळाचंच वर्णन असलेलं त्या कादंबरीचं पहिलं प्रकरण मला विद्यार्थिदशेत फार लांबण लावल्यासारखं वाटायचं. त्या माळावर उभं राहिल्यावर त्यातलं एकही वाक्य जास्तीचं वाटलं नाही.

घर वर्षभर उघडं नसतं. घराची देखभाल करणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेच्या साइटवर दिवस बघूनच निघा. गाडीने आलात तर ती जंगलाच्या कडेला ठेवून दहाएक मिनिटं चालावं लागतं.

शनिवार, वूल आणि बिअर रीजिस

आज भाड्याची गाडी घेतली, कारण या गावांना बस बेताच्याच. वूल स्टेशनजवळ फ्रोमवर जुना दगडी पूल आणि त्यापलीकडे वूलब्रिज मॅनर हे घर. टेस आणि एंजल लग्नाच्या रात्री इथे उतरतात, ती त्याला आपली कहाणी सांगते आणि तो तिला टाकतो. घर खासगी आहे, आत जायचं नाही. पुलावरून बघायचं. पलीकडच्या कुरणात गाई रवंथ करत होत्या. गुराखी नव्हे, चांगला जाडजूड शेतकरी, क्वाड बाइकवरून आला आणि आम्ही टेससाठी आलोय म्हटल्यावर म्हणाला, “ती हाताने धार काढायची. आता यंत्राला लावल्या की दहा मिनिटांत मोकळ्या.” मग थोडं थांबून, “पण थंडीत आचळं फुटतात ती फुटतातच.” माझ्या आईच्या गोठ्यातलं लोणी आणि फुटलेली आचळं मला आठवली आणि आम्ही दोघं बराच वेळ गाईंवर बोललो.

१८९१ साली ‘टेस’ आधी ‘ग्राफिक’ साप्ताहिकात आली. त्याआधी दोन मासिकांनी ती नाकारली होती. छापताना हार्डीला किती कापाकापी करावी लागली! पाणी साचलेल्या वाटेतून एंजल दूध काढणाऱ्या मुलींना उचलून नेतो, हेसुद्धा संपादकाला खपलं नाही, म्हणून साप्ताहिकात त्याने मुलींना ढकलगाडीतून नेलं. पुस्तक निघालं तेव्हा त्याने सगळं परत जागेवर बसवलं आणि मुखपृष्ठामागे टेसला ‘निष्कलंक स्त्री’ म्हटलं. त्या दोन शब्दांवरूनच सर्वात जास्त गदारोळ झाला. वर्गातल्या मुली या शब्दांवर हमखास वाद घालायच्या आणि त्या वादासाठीच मी हे पुस्तक कधी सोडलं नाही.

बिअर रीजिसच्या वाटेवर टॉलपडल लागतं. १८३४ साली शेतमजुरांची संघटना केली म्हणून इथल्या सहा मजुरांना ऑस्ट्रेलियात हद्दपार केलं. हार्डीच्या जन्माआधी सहाच वर्षं. त्याने गरिबी लिहिली ती अशी, शेजारच्या गावातली.

बिअर रीजिसचं चर्च मात्र चुकवू नका. छपराकडे बघा: रंगवलेले लाकडी प्रेषित तुळयांच्या टोकांवरून खाली वाकून बघतात. दक्षिणेला टर्बरव्हिल घराण्याची थडगी (टेसचे पूर्वज हार्डीने याच घराण्यावरून रचले), त्यांतल्या पितळी पट्ट्या केव्हाच उखडून नेलेल्या. वर त्याच घराण्याची रंगीत काचांची खिडकी. बाप मेल्यावर, घरातून काढलेली टेसची आई आणि भावंडं याच खिडकीखाली बाहेर पलंग मांडतात. पूर्वज आत दगडाखाली, वंशज बाहेर उघड्यावर. हार्डीच्या स्वतःच्या घरातही, आपण एकेकाळचे मोठे आणि आता घसरलेले, अशी समजूत होती.

रविवार, मॅक्स गेट

गावाच्या कडेला, बायपासच्या आवाजात उभं असलेलं हे लाल विटांचं घर हार्डीने स्वतः काढलेल्या नकाशावरून बांधलं, बांधकाम वडिलांच्या आणि भावाच्या हातचं. १८८५ साली तो इथे आला. पाया खणताना रोमन काळातले सांगाडे निघाले. आजूबाजूला त्याने पाइनची दाट झाडी लावली. पुढे लोकांनी घराला उदास म्हटलं, त्यात या झाडांचाही वाटा असावा. ‘टेस’ आणि ‘ज्यूड’ इथेच लिहिल्या. १८९५ साली ‘ज्यूड’ आली तेव्हा वेकफील्डच्या बिशपने ती आगीत टाकल्याचं जाहीर केलं. त्यानंतर हार्डीने नवी कादंबरी हाती घेतली नाही. तीसेक वर्षं तो कविताच लिहीत राहिला.

आत कशालाही हात लावायची, खुर्चीत बसायची मोकळीक होती. भाची बैठकीच्या खोलीत बसली आणि मी एकटीच पोटमाळ्यावर गेले. एमा शेवटची वर्षं इथे राहायची, दोन लहान खोल्यांत, खालच्या मजल्यावरच्या नवऱ्याशी जवळजवळ न बोलता. ती सरदारघराण्याची नव्हे, पण त्याच्यापेक्षा वरच्या घरातली होती, आणि तिला ते विसरता येत नव्हतं. त्यालाही. नोव्हेंबर १९१२ मध्ये ती याच पोटमाळ्यावर वारली. त्यानंतर तिचे कागद चाळताना हार्डीला तिने नवऱ्याबद्दल लिहिलेली वही सापडली. ती त्याने जाळली, पण मग जे लिहिलं त्या १९१२-१३ च्या कविता इंग्रजीतल्या सर्वात सुंदर शोककविता आहेत, असं मी ठामपणे मानते.

खाली आल्यावर हे सांगितलं तर भाची म्हणाली, “मावशी, जिवंत असताना एक जिना चढून गेला असता तर?” मला उत्तर सुचलं नाही. बागेत पाळीव जनावरांची छोटी थडगी आहेत, त्यांत वेसेक्स नावाच्या चावऱ्या कुत्र्याचंही.

दुपारी डॉर्सेट म्युझियममध्ये मॅक्स गेटमधली अभ्यासिका जशीच्या तशी मांडलेली पाहिली. टेबलावर लेखण्या, त्यांच्या दांड्यांवर त्या-त्या कादंबरीचं नाव कोरलेलं. आणि एक कॅलेंडर, ७ मार्चवर थांबवलेलं. १८७० साली त्या दिवशी कॉर्नवॉलमधल्या सेंट जूलियटच्या चर्चच्या दुरुस्तीसाठी गेलेला हार्डी एमाला पहिल्यांदा भेटला होता. म्युझियमला किमान दोन तास ठेवा, आम्हाला ते कमी पडले.

सोमवार, लंडन

परतीच्या गाडीतून उतरून थेट वेस्टमिन्स्टर ॲबी. कवींच्या कोपऱ्यात हार्डीची शिळा डिकन्सच्या शेजारी आहे, आणि मुंबईत जन्मलेला किपलिंगही तिथेच. हार्डीच्या अंत्ययात्रेच्या मानकऱ्यांत किपलिंगही होता. हार्डीची इच्छा स्टिन्सफर्डलाच पुरावं अशी होती. पण राष्ट्राला तो ॲबीत हवा होता, म्हणून हृदय गावी आणि राख इथे, अशी वाटणी झाली. मला ही वाटणी पटली नाही, आणि त्या शिळेपाशी उभं राहून अजिबातच पटली नाही. ॲबीचं तिकीट महाग आहे, रांगही मोठी असते. केवळ हार्डीसाठी जाणार असाल तर तेच पैसे वाचवा आणि डॉर्चेस्टरला आणखी एक रात्र राहा.